दिवा हिरवा, दात जांभळे

खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला, एक जांभळी रेघ होती. शाईच्या पेनानं ओळ अधोरेखित करावी तशी, हिरडीला लागून, या सुळ्यापासून त्या सुळ्यापर्यंत. ती बघायला मला मान वाकवून, ओठ बोटानं खाली ओढून, मोबाइलचा टॉर्च पार तोंडाशी न्यावा लागला. पण एकदा दिसली ती दिसतच राहिली. आणि पाचच मिनिटांपूर्वी, थर रंगवून दाखवणारी गोळी चावायच्या आधी, याच दातांवर माझ्या नव्या स्मार्ट ब्रशनं हिरवा दिवा लावला होता. हिरवा म्हणजे, माहितीपुस्तिकेच्या भाषेत, 'प्लाक गेला, पुढे चला'. प्लाक म्हणजे दातांवर बसणारा जिवाणूंचा चिकट थर.

त्या रात्री ब्रश खोक्यात घालून माळ्यावर टाकायचं मनात आलं होतं. टाकला नाही. आज साडेतीन महिने झाले, दोन वेळा रोज तोच वापरतेय, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं भांडण एका कंपनीशी नाही, आणि 'प्लाक ओळखतो' असं खोक्यावर छापलेला कुठलाही ब्रश घेताना या गोष्टी उपयोगी पडतील असं वाटतं.

मी मुद्रितशोधक आहे. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते: सगळ्यात मोठ्या टायपातली, शीर्षकातली चूक तीन-तीन जणांच्या नजरेतून सुटते. तिथून प्रत्येकाची नजर घाईनं खाली उतरते, रोज, त्याच वेगानं. माझ्या तोंडातही तेच चाललंय हे मात्र मला दात साफ करणाऱ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. "तुम्ही घासता भरपूर," ते म्हणाले, "पण जिथे घासायला हवं तिथे नाही." डावीकडच्या वरच्या सुळ्याशी हिरडी वर सरकलेली, मूळ उघडं पडू लागलेलं, तिथे मी नको इतकी घासते. आणि खालच्या दातांच्या मागे कीटणाचा बंधारा, तो मात्र जसाच्या तसा.

घरी येऊन हे सांगितलं तर लेक हसायला लागली. "आई, तू ब्रश करतेस की भांडी घासतेस? बाहेरच्या खोलीत आवाज येतो." पुढच्या वाढदिवसाला तिनं हा ब्रश आणून दिला.

हातात घेतल्यावर पहिल्यांदा लक्षात येतं ते वजन. नेहमीच्या इलेक्ट्रिक ब्रशपेक्षा थोडं जास्त. मानेशी दिव्याचं कडं. ब्रशच्या डोक्यात, केसांच्या बरोबर मधोमध, पारदर्शक प्लास्टिकचा एक आखूड खांब आहे. दांड्यातल्या दिव्याचा जांभळट उजेड त्यातून दातावर पडतो आणि दातावरून परतलेला उजेड त्याच वाटेनं खाली येतो. म्हणजे साध्या डोक्यावर हा सेन्सर आंधळा. दर तीन महिन्यांनी त्यांचंच डोकं घ्यायचं, दुसऱ्याचं बसतं पण दिवा मग कायम नारिंगीच राहतो. ही ओळ पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर आहे.

आता हा नेमका काय ओळखतो, ते. बाजारात 'स्मार्ट' म्हणून जे ब्रश येतात त्यांतले बहुतेक प्लाक ओळखतच नाहीत. त्यांच्यात मोबाइलमध्ये असतात तसलेच दोन सेन्सर असतात, एक वेग बदलला की सांगणारा आणि एक वळण सांगणारा. त्यांवरून हात कुठल्या कोनात आहे ते कळतं, त्यावरून ब्रश तोंडात कुठे असावा याचा अंदाज बांधला जातो. २०१४ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात कोलिब्री नावाच्या फ्रेंच कंपनीनं असा ब्रश दाखवला होता. तिथून ही लाट आली. हे ब्रश 'तुम्ही या दाढेजवळ अकरा सेकंद होता' एवढंच सांगू शकतात. दाढ स्वच्छ झाली की नाही, हा वेगळा प्रश्न. दातावर उजेड टाकून थर शोधणारे ब्रश नंतर आले. २०२० च्या सुरुवातीला त्याच प्रदर्शनात कोलगेटनं एक दाखवला होता, त्याचा निळा दिवा स्वच्छ जागी पांढरा होतो. माझा या दोघांपैकी कुणाचाच नाही, पण जात ही दुसरी, उजेडवाली.

उजेडाची ही युक्ती दातांच्या दवाखान्यांत आधीपासून आहे. साधारण ४०५ नॅनोमीटरचा जांभळा उजेड दातावर टाकला तर निरोगी दात हिरवट चमकतो. जुन्या, मुरलेल्या प्लाकमधले काही जिवाणू पॉर्फिरिन नावाची द्रव्यं तयार करतात, ती त्याच उजेडात लालसर चमकतात. लाल किती आणि हिरवं किती, हे मोजलं की थर आहे की नाही ते कळतं. ऐकायला झकास. मेख 'मुरलेल्या' या शब्दात आहे. कालच्या रात्रीपासून आज सकाळपर्यंत बसलेला ताजा थर या उजेडात जवळजवळ चमकतच नाही. त्याच्यातले जिवाणू वेगळे, ते हे द्रव्य फारसं बनवत नाहीत.

आणि प्लाक काही दगडासारखा एका जागी पडून नसतो. दात घासून चूळ भरली की काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा दातावर पुन्हा चढतो. त्यावर आधी गोल, साखळीनं राहणारे जिवाणू येऊन चिकटतात, त्यांच्या अंगावर दुसरे, मग तिसरे. एखाद्या चाळीत खोल्या भरत जाव्यात तसं. जसजशी गर्दी वाढते तसतसा आतला प्राणवायू संपतो आणि प्राणवायू नको असणारे, हिरडीला जास्त छळणारे जिवाणू तळाशी वस्ती करतात. काही दिवसांत लाळेतले कॅल्शियमचे क्षार त्यात बसले की त्याचं कीटण होतं. कीटणाला ब्रश म्हणजे काहीच नाही, साधा असो की स्मार्ट. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ते सगळ्यात जास्त का साठतं, तर जिभेखालच्या लाळेच्या नळ्यांची तोंडं तिथेच उघडतात. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही तसंच, तिथे गालातल्या ग्रंथीची नळी उघडते. माझ्या डॉक्टरांनी मला हे आरसा हातात देऊन दाखवलं होतं आणि मी मान डोलावून विसरून गेले होते.

आधीचा आठवडाभर मी अगदी खुशीत होते. एक कॅपवाली दाढ सोडली (तिच्याबद्दल पुढे) तर रोज प्रत्येक दातावर नारिंगीचा हिरवा होई. मोबाइलवर दातांचा नकाशा पांढराशुभ्र. गुण ९४, ९६, ९७. मग नवव्या दिवशी मला रंगाच्या गोळ्यांची आठवण झाली, दातांच्या दुकानात मिळतात त्या. त्यांत दोन रंग असतात: ताज्या थराला गुलाबी चढतो, जुन्याला जांभळा. गोळी चावायची, जीभ सगळीकडे फिरवायची, थुंकायचं, एक चूळ भरायची. (आधी ओठांना व्हॅसलीन लावा. मी पहिल्यांदा लावलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये सगळ्यांना वाटलं मी काहीतरी नवीन लिपस्टिक घेतली. आणि बेसिन लगेच धुवा.)

तीच ती जांभळी रेघ.

मग माझा धंदा जागा झाला. छाननी करायची तर मोजून करायची. दंतवैद्यकात यासाठी एक सोपा हिशेब आहे, ओलिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडलेला: प्रत्येक दाताच्या चार बाजू धरायच्या, हिरडीलगत रंग दिसला की त्या बाजूला एक खूण, शेवटी टक्केवारी काढायची. दहा टक्क्यांच्या आत आलात तर उत्तम. माझ्या अक्कलदाढा कधीच काढल्यात, राहिले अठ्ठावीस दात, एकशे बारा बाजू. एका कागदावर आडवे-उभे चौकोन आखले आणि प्रूफवर मारते तशा लाल खुणा मारल्या. एक्केचाळीस. सव्वाछत्तीस टक्क्यांच्याही वर. ब्रशच्या लेखी त्याच रात्री माझं तोंड ९७ गुणांचं होतं.

रंग आणि उजेड एकच गोष्ट मोजत नाहीत, हे मला त्यातून कळलं. गुलाबी जागा मी ब्रशला माफ केल्या, ताजा थर त्याला दिसणार नव्हताच. पण जांभळ्या जागा म्हणजे मुरलेला थर, त्या तर त्याच्याच हद्दीतल्या. त्या का सुटल्या? दोन-तीन रात्री आरशासमोर हळूहळू ब्रश फिरवून बघितलं तेव्हा उलगडलं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जागाच एवढी अरुंद आहे की ब्रश आडवा धरला तर केस वरच्या अर्ध्यावरच लागतात आणि तो मधला खांबही तिथेच बघतो. वरचा अर्धा स्वच्छ, दिवा हिरवा. हिरडीलगतची दोन मिलिमीटर पट्टी ना घासली जाते ना बघितली जाते. ब्रश खोटं बोलत नव्हता. जेवढं त्याच्या नजरेसमोर आलं तेवढ्याबद्दल तो खरंच सांगत होता, आणि मी ते अख्ख्या दाताबद्दल समजत होते.

ब्रश उभा धरून, टोकाच्या केसांनी एकेक दात घासला तर नारिंगी झाला! तेव्हा पहिल्यांदा त्या दिव्यावर विश्वास बसला. सहा-सात सेकंद टोक तिथेच ठेवलं की हिरवा. पुढचा दात, पुन्हा नारिंगी. सहा दातांना मिळून चाळीस सेकंद गेली. दोन मिनिटांपैकी चाळीस सेकंद त्या सहा दातांच्या मागच्या बाजूला मी आयुष्यात कधी दिली नव्हती.

या सेन्सरचा खरा धोकाही त्याच दिव्यात आहे. हिरवा झाला की हात उठतो. आपोआप उठतो, विचार न करता, सिग्नल सुटल्यावर गाडी सुटते तसा. जुन्या ब्रशच्या वेळी मी निदान शंकेनं दोन हात जास्त मारायची. आता शंका यंत्राला देऊन मी मोकळी. त्यामुळे सुरुवातीचे आठ दिवस मी जुन्या ब्रशपेक्षा वाईट घासत होते असं माझं ठाम मत आहे, मोजून सिद्ध करता येणार नाही कारण आधीचा हिशेब नाही.

काही बारीकसारीक खोडी. फेस झाला की सेन्सरला धुकं पडल्यासारखं होतं, दिवा नारिंगी-हिरवा-नारिंगी लुकलुकत बसतो. पेस्ट वाटाण्याएवढीच घेतली आणि मध्ये एकदा थुंकलं की थांबतं. तो पारदर्शक खांब आठवड्याभरात पेस्टच्या पांढऱ्या पुटानं आंधळा होतो, ओल्या फडक्यानं पुसावा लागतो. डोकं काढलं की त्याच्या खाली काळपट बुळबुळीत चिखल सापडतो, तो सगळ्याच इलेक्ट्रिक ब्रशमध्ये सापडतो, पण इथे तो सेन्सरच्या बुडाशी असल्यामुळे दर रविवारी काढावाच लागतो. मजा अशी की प्लाक शोधणाऱ्या यंत्राला स्वतःचा प्लाक दिसत नाही.

आणि माझी उजवीकडची खालची दाढ, मधल्या दातापासून मोजली तर सहावी. तिचं रूट कॅनाल झालेलं, वर सिरॅमिकची कॅप. कॅप खऱ्या दातासारखी चमकत नाही, त्यामुळे त्या दाढेवर दिवा कधीच हिरवा होत नाही. पहिल्या दिवशी मी तिथे अडीच मिनिटं घासत उभी होते. बाहेरून हाक आली, "अगं, झोप लागली का तिथे?" मोठ्या रेझिनच्या भरणीवरही तसाच गोंधळ होतो. ग्राहकसेवेला लिहिलं तर उत्तर आलं की 'कृत्रिम पृष्ठभागांवर अचूकता वेगळी असू शकते'. हे वाक्य खोक्यावर असायला हवं होतं. ज्यांच्या तोंडात चार कॅपा आणि तारा आहेत त्यांनी प्लाक-सेन्सरच्या नादी लागू नये.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात उरकते, कारण मी आता ते वापरत नाही. माझा फोन जुना. ब्लूटूथवर ब्रश शोधायला त्यानं लोकेशनची परवानगी मागितली, तेव्हा मी चिडले होते; दात घासायला मी कुठे आहे हे कशाला हवं? नंतर कळलं की अँड्रॉइडच्या सहा ते अकरा या आवृत्त्यांत जवळची ब्लूटूथ यंत्रं शोधायची तर ती परवानगी द्यावीच लागायची. तेवढ्यापुरतं ठीक. पण जन्मतारीख, हिरड्यांतून रक्त येतं का, तंबाखू खाता का, हे प्रश्न 'पुढे जा' म्हणायच्या आधी भरायलाच लागतात, आणि ही माहिती कुठे जाते ते सांगणारं पान मी व्यवसायाच्या सवयीनं पूर्ण वाचलं. सहा ठिकाणी 'भागीदार' हा शब्द, एकाही ठिकाणी त्यांची नावं नाहीत. एका अपडेटनंतर तर माझा पाच आठवड्यांचा इतिहास पुसला गेला आणि 'चला, नवी सुरुवात करूया!' असा फुगा आला. कागदावरच्या लाल खुणा मात्र शाबूत.

नकाशाचं पितळ लेकीनं उघडं पाडलं. एका संध्याकाळी ती ब्रश चालू करून, तोंडाच्या वीतभर पुढे, हवेतच सावकाश फिरवत उभी राहिली. डावीकडे वर, डावीकडे खाली, मध्ये, उजवीकडे. दोन मिनिटांनी अ‍ॅप म्हणालं, शाब्बास, ८८! मी पुस्तिका काढून बघितली. नकाशा हाताच्या हालचालीवरून काढलेला, दिवा उजेडावरून लागणारा. या दोघांची गाठच पडत नाही. दिव्याला दिसलेला थर नकाशात येत नाही. पांढराशुभ्र दिसणारं ते चित्र म्हणजे मी हात कुठे-कुठे हलवला याची नोंद. गुण मिळवायच्या नादात माणूस हात मस्त फिरवायला शिकतो.

यजमानांनीही चार दिवस वापरून पाहिला, दुसरं डोकं लावून. ते ब्रश तोंडात ठेवून खोल्याखोल्यांतून फिरतात, बातम्या बघतात. चालताना अंग हलतं, दिशा बदलते, ब्रशला वाटतं बाजू बदलली. त्यांना पहिल्याच दिवशी ९१. "तुझ्यापेक्षा तीन कमी," ते म्हणाले. मी म्हटलं, "अहो, एक गोळी चावून बघा." चावली. पुढच्या दिवसापासून ब्रशची चर्चा बंद.

आता ज्याबद्दल मला काही तक्रार नाही ते. दाबाचा सेन्सर. हा दिवा-बिवा काही नसता, फक्त दाबाचा सेन्सर असता, तरी मी हाच ब्रश ठेवला असता. जास्त दाबलं की कडं लाल होतं, मोटर मंदावते, हाताला एक गुरगुर जाणवते. पहिल्या आठवड्यात डाव्या सुळ्याशी आल्यावर दर वेळी लाल. दर वेळी. मला वाटे मी अगदी हळुवार घासतेय. तिथे पोचताना माझं कोपर वर उचललं जातं आणि सगळ्या दंडाचा भार ब्रशवर येतो, हे मला त्या लाल कड्यामुळे समजलं. कोपर अंगाला चिकटवून ठेवलं, दांडा मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरला. तिसऱ्या आठवड्यात लाल दिवा गेला. सरकलेली हिरडी परत खाली येत नाही, ते डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. पण गार पाण्याची जी कळ तिथून निघायची ती आता क्वचितच. इथे सेन्सर जे मोजतो तेच मला हवं होतं, मध्ये अंदाज नाही, नकाशा नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं. क्रम बदलला होता: आधी खालच्या दातांची मागची बाजू, कारण सुरुवातीला धीर असतो, मग वरच्या दाढा, समोरचे, लोकांना दिसणारे दात सगळ्यात शेवटी. ब्रश पंचेचाळीस अंशांत हिरडीकडे कलता, केसांची टोकं हिरडीच्या कडेत. ही चार्ल्स बास या अमेरिकी डॉक्टरांची जुनी पद्धत, साध्या ब्रशसाठी सांगितलेली. एकशे बारापैकी पंधरा बाजू रंगल्या. साडेतेरा टक्क्यांच्या आत.

हे श्रेय कुणाचं, दिव्याचं की माझ्या लाल खुणांचं? म्हणून आठवा आठवडा दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून काढला. तीन रात्री गोळी चावली: १९, १७, २१. नववा आठवडा पट्टी काढून: १६, १८, १५. एका माणसाच्या तोंडाचा हिशेब आहे, याला अभ्यास म्हणायची माझी छाती नाही. पण माझ्यापुरतं उत्तर मिळालं. एक्केचाळीसवरून विसाच्या आसपास आणलं ते गोळीनं आणि क्रमानं. दिव्यानं आणखी दोन-तीन बाजू वाचवल्या, आणि त्या जवळजवळ दर वेळी त्याच होत्या: वरची डावी शेवटची दाढ, गालाकडून. तिथे तोंड अर्धवट मिटून ब्रश सरकवावा लागतो, आरशात काहीच दिसत नाही. अशा आंधळ्या कोपऱ्यात तो नारिंगी दिवा खरोखर उपयोगी आहे, कारण तिथे दुसरा कुठलाच साक्षीदार नाही.

उरलेल्या बाजू बघितल्या तर बहुतेक दोन दातांच्या मधल्या. तिथे ना केस पोचतात ना उजेड. कुठल्याही ब्रशचे पोचत नाहीत, हे सांगायला सेन्सर लागत नाही. लेव्हेनहूक, तोच तो सूक्ष्मदर्शकवाला, १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात म्हणतो की तो रोज सकाळी मिठानं दात चोळतो, त्याचे दात फार स्वच्छ आहेत, आणि तरीही दातांच्या मध्ये पांढरं काहीतरी राहतंच. ते त्यानं भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव दिसले. तीनशे चाळीस वर्षांनंतर माझं स्मार्ट यंत्र त्या फटीबद्दल गप्प आहे. तिथे बाटली घासायच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती असते तो फटीतला ब्रश किंवा फ्लॉस, दुसरा मार्ग नाही. मी रात्री वापरते, आणि वास घेऊन बघते. सेन्सर म्हणाल तर नाक फार वाईट नाही.

चिकाटी मला कुठून मिळाली हेही सांगते, अ‍ॅपमधल्या पदकांतून नव्हे. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. डॉक्टरांनी हे मला सांगितलं तेव्हा मी हिशेब केला: त्या मागच्या बाजूला मी निदान वीस वर्षं ब्रश नीट लावला नव्हता.

परवा तपासणीला गेले होते. त्यांनी बारीक खुणांची सळई हिरडीच्या कडेत घालून खोली मोजली. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चारपासून काळजी. मागच्या वेळी खाली चार-चार होत्या, या वेळी दोन ठिकाणी तीन आणि एका ठिकाणी चार. रक्त फक्त त्या एका ठिकाणी. ब्रश दाखवला तर त्यांनी उलटापालटा करून बघितला, कड्याचा लाल दिवा दाबून पाहिला, "हे चांगलं आहे" म्हणाले, आणि हिरव्या दिव्याबद्दल काहीच बोलले नाहीत. इलेक्ट्रिक ब्रश साध्यापेक्षा बरा, एवढं मात्र ते आधीपासून म्हणतात, आणि त्याला आधार आहे: कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं २०१४ मध्ये ५६ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर इलेक्ट्रिक ब्रशनं प्लाक २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी जास्त कमी झाली होती. ते साध्या इलेक्ट्रिक ब्रशबद्दल. प्लाक-दिव्याबद्दल त्यात काही नाही, तेव्हा दुकानात कुणी हे आकडे दिव्याच्या खाती मांडत असेल तर टोका.

लेकीनं विचारलं, पैसे वाया गेले का? नाही गेले. पण पुन्हा घ्यायचा झाला तर मी दाबाचा सेन्सर आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला बाजू बदलायला सांगणारी गुरगुर, एवढ्या दोनच गोष्टी असलेला साधा इलेक्ट्रिक ब्रश घेईन, आणि सोबत रंगाच्या गोळ्यांचं पाकीट. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना आरशात जवळचं दिसत नाही, किंवा जे दुसऱ्याचे दात घासून देतात, त्यांना हा दिवा माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. माझ्या सासूबाईंचे दात मी घासून द्यायचे शेवटच्या वर्षात, तेव्हा असतं हे तर बरं झालं असतं. दुसऱ्याच्या तोंडात आपल्याला काहीच कळत नाही.

बॅटरी दोन आठवडे चालते म्हणतात, दहा दिवस चालते. चार्जिंगचं स्टँड बेसिनवर घसरतं, खाली रबर लावलं.

गोळ्यांच्या पाकिटात अजून सहा उरल्यात. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, दुसऱ्या दिवशी कुठे जायचं नसेल तेव्हा. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. आणि कॅपवाल्या दाढेशी आले की दिवा अजून नारिंगीच असतो. मी मनात दहा आकडे मोजते आणि पुढच्या दाताकडे वळते.